'चोगोरी' : मूळ नाव की जोडलेलं?

प्रश्न : नकाशांत के-टू शिखरापुढे 'चोगोरी' असं छापलेलं दिसतं. हे तिथलं जुनं नाव आहे का? आणि त्यातला 'री' म्हणजे आपला 'गिरी'च ना?

उत्तर : 'गिरी'शी नातं नाही. के-टूच्या परिसरात बोलली जाणारी बाल्टी ही तिबेटी कुळातली भाषा आहे आणि तिच्यात डोंगराला 'री' म्हणतात. साल्तोरो कांगरी, तेराम कांगरी या नावांतही हाच 'री' आहे. कांगरी म्हणजे बर्फाचा डोंगर. 'चोगो' म्हणजे मोठा. चोगो लुंगमा या हिमनदीच्या नावात तोच शब्द आहे. लुंगमा म्हणजे दरी.

म्हणजे अर्थ सरळ आहे : मोठा डोंगर. पण हे नाव तिथे पूर्वापार रुळलेलं होतं, याचा पुरावा फारच तुटपुंजा आहे. प्रवाशांनी दोन शब्द जोडून ते घडवलं असावं, असं मलाही वाटतं.

याचं कारण भूगोलात आहे. के-टूकडे नेणाऱ्या बाल्टोरो हिमनदीच्या वाटेवरचं शेवटचं गाव अस्कोले. तिथून हे 8,611 मीटर उंचीचं शिखर दिसतच नाही. गावाच्या पुढे हिमनदीवरून कित्येक दिवस चालत कॉनकॉर्डिया या हिमनद्यांच्या संगमाला पोचलं, की उत्तरेकडे अख्खा डोंगर एकदम समोर येतो. जे रोज नजरेस पडत नाही, ज्याच्या पायथ्याशी चराईही नाही, त्याला गावकरी नाव कशाला ठेवतील?

1856 साली मॉन्टगोमेरी या ब्रिटिश सर्व्हेअरने काश्मीरमधल्या हरमुखवरून, 200 किलोमीटरहून जास्त अंतरावरून, दोन ठळक शिखरं रेखाटली आणि काराकोरम पर्वतरांगेचा 'के' घेऊन त्यांना के-वन, के-टू असे क्रमांक दिले. स्थानिक नाव मिळालं की तेच घ्यायचं, हा हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याचा शिरस्ता. के-वनला 'माशेरब्रुम' मिळालं. के-टूचा क्रमांकच राहिला. या भागाची पाहणी करणारे सर्व्हेअर गॉडविन-ऑस्टिन यांचं नाव द्यायची सूचना लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मानली नाही. शिखराच्या पायथ्याच्या हिमनदीला मात्र ते आहे.

प्रश्न : मग बाल्टी लोक स्वतः काय म्हणतात?

उत्तर : 'केटू'! काहींच्या तोंडी ते 'केचू'सारखंही ऐकू येतं. क्रमांकाचंच नाव झालं. आपल्या केतू ग्रहाशी ते कुणी जोडू नये. चीनमध्ये मात्र चोगोरीवरूनच आलेलं नाव अधिकृत आहे, म्हणून ते टाकून देता येणार नाही. मराठीत 'के-टू' लिहावं. 'चोगोरी' द्यायचंच तर 'दुसरं नाव' म्हणून द्यावं, 'मूळ नाव' म्हणून नको.