प्रदेश आणि राज्य : मॅसेडोनिया नेमके कशाचे नाव?

अक्षांशवेडा (प्रश्न)

अ‍ॅटलास चाळताना पडलेला एक प्रश्न येथे मांडतो. प्राकृतिक नकाशावर ‘मॅसेडोनिया’ ही अक्षरे ग्रीसचा उत्तर भाग, बल्गेरियाचा नैर्ऋत्य कोपरा आणि त्यांच्या शेजारचा मुलूख अशा सगळ्यांवर विरळ पसरलेली दिसली; राजकीय नकाशावर मात्र ‘उत्तर मॅसेडोनिया’ हा वेगळ्या रंगाचा लहानसा देश आहे. भौगोलिक प्रदेश आणि राज्य यांतला फरक केवळ आकाराचा आहे, की त्यामागे काही तत्त्व आहे?

सीमारेषा

आधी शब्दाचा गुंता सोडवू. मराठीत ‘राज्य’ म्हणजे संघराज्याचा घटकही आणि राज्यशास्त्रातले सार्वभौम राज्यही. आपला प्रश्न दुसऱ्या अर्थाचा आहे. ‘देश’ हा शब्दही तितकाच निसरडा आहे, कारण घाटावरच्या मुलखाला ‘देश’ म्हणताना कोणाच्याही मनात सरकार नसते.

सार्वभौम राज्याची सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या 1933 च्या माँटेव्हिडिओ करारात आहे. कायमची लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध जोडण्याची क्षमता अशा चार गोष्टी तो करार मागतो. या चारांपैकी भूगोलाची म्हणता येईल अशी एकच आहे, बाकीच्या तीन माणसांच्या आहेत. प्रदेशाला यांतले काहीच सिद्ध करावे लागत नाही. हवामान, भूरूप, भाषा किंवा इतिहास यांपैकी एखाद्या सारखेपणावरून आपण त्याला नाव देतो, आणि तो सारखेपणा हळूहळू विरत जात असल्यामुळे प्रदेशाची कडही पुसट राहते. सहारा दक्षिणेकडे कोठे संपतो, हे किती मिलिमीटर पावसाची रेघ आपण प्रमाण मानतो त्यावर ठरते. अल्जीरिया कोठे संपतो, हे सीमेवरचा पहारेकरी सांगतो. शिवाय कायद्याच्या दृष्टीने राज्य ही एक व्यक्ती असते. ती करार करते, कर्ज काढते आणि करार मोडल्यास तिला जाब विचारता येतो. सहाऱ्याला कोण जाब विचारणार?

जुना_नकाशा

मॅसेडोनियाचे उदाहरण आपण अचूक निवडले आहे, कारण या एका नावावरून दोन राज्ये सत्तावीस वर्षे भांडली. ओटोमन अमलाखालचा हा प्रदेश 1912-13 च्या बाल्कन युद्धांनंतर मुख्यतः ग्रीस, सर्बिया आणि बल्गेरिया यांच्यात वाटला गेला. सर्बियाच्या वाट्याचा भाग पुढे युगोस्लाव्हियाचे एक घटक प्रजासत्ताक झाला आणि 1991 मध्ये ‘मॅसेडोनिया’ या नावाने स्वतंत्र झाला. ग्रीसचा आक्षेप असा होता की प्रदेशाचा एक हिस्सा असलेल्या राज्याने साऱ्या प्रदेशाचे नाव घेतले, तर उद्या ते उरलेल्या जमिनीवरही हक्क सांगेल. त्यामुळे 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांत या राज्याला ‘पूर्वीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसेडोनिया’ अशा अवघडलेल्या तात्पुरत्या नावाने प्रवेश मिळाला. अखेर 2018 च्या प्रेस्पा करारानुसार फेब्रुवारी 2019 पासून ‘उत्तर’ हा शब्द जोडला गेला. राज्य प्रदेशाएवढे नाही, ही कबुली त्या एका शब्दात आहे.

जाता जाता आयर्लंडही पाहा. अल्स्टर हा तेथील जुना प्रांत नऊ काउंट्यांचा; त्यांपैकी सहाच उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये आहेत. आयर्लंड प्रजासत्ताकात राहिलेल्या उरलेल्या तिघींत डोनेगल आहे, आणि आयर्लंडच्या मुख्य बेटाचे सर्वांत उत्तरेकडचे टोक, मॅलिन हेड, नेमके डोनेगलमध्ये आहे. होकायंत्र हातात घेऊन ‘उत्तर आयर्लंड’ शोधणारा माणूस अशा रीतीने भलत्याच राज्यात पोहोचतो.

शंकासुर

वरील दोन्ही प्रतिसाद माहितीपूर्ण आहेत. पण ‘प्रदेश पुसट, राज्य रेखीव’ ही विभागणी मला जरा जास्तच सोयीची वाटते. बर्गंडी किंवा ट्रान्सिल्व्हेनिया यांना आज आपण प्रदेश म्हणतो. एके काळी त्या राजसत्ता होत्या, आणि सत्ता गेल्यावर मागे नाव उरले. उलट बाजूने, 1795 ते 1918 या काळात पोलंड नावाचे सार्वभौम राज्य नव्हते, तरी पोलंड कोठे आहे हे लोकांना ठाऊक होते. राज्याची सीमा पूर्ण आखलेली असावी असाही नियम नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1969 मध्ये उत्तर समुद्राच्या खटल्यात तसे स्पष्ट म्हटले आहे.

माझे आवडते उदाहरण बीर तविलचे. इजिप्त आणि सुदान यांच्यामधला हा सुमारे 2,000 चौरस किलोमीटरचा वाळवंटी तुकडा. 1899 ची सीमा 22 अंश उत्तर अक्षवृत्तावरून जाते, 1902 ची प्रशासकीय रेघ वळणे घेते. तांबड्या समुद्रालगतचा मोठा हलाईब त्रिकोण आपल्याला मिळावा म्हणून इजिप्त पहिली रेघ धरतो आणि सुदान दुसरी. परिणामी दोघांच्याही हिशेबाने बीर तविल समोरच्याचे ठरते. जमीन आहे, नाव आहे, रेघाही एक सोडून दोन आहेत, आणि मालक कोणीच नाही.

अक्षांशवेडा

सर्वांचे आभार. राज्याविना जमीन असू शकते हे बीर तविलमुळे पटले. याच्या उलट, जमिनीविना राज्य असे काही आहे काय?

सीमारेषा

अगदी जवळ जाणारे एक आहे. माल्टाच्या सार्वभौम लष्करी संघाकडून, म्हणजे एका जुन्या कॅथलिक धार्मिक संघटनेकडून, नेपोलियनने 1798 मध्ये माल्टा बेट घेतले. आज रोममधल्या इमारतींतून चालणारा हा संघ स्वतःचे पासपोर्ट देतो, शंभराहून अधिक राज्यांशी त्याचे राजनैतिक संबंध आहेत आणि 1994 पासून संयुक्त राष्ट्रांत त्याला निरीक्षकाचा दर्जा आहे. इतके असूनही त्याला राज्य मानायला बहुतेक अभ्यासक तयार नाहीत, कारण पायाखाली स्वतःचा भूप्रदेश नाही.