टांकसाळीचा आकडा आणि उरलेली नाणी

सुरुवातीची अमेरिकी सोन्याची नाणी मुळातच कमी पाडली गेली म्हणून दुर्मीळ आहेत, हे मत मला अपुरे वाटते. १७९२च्या कायद्याने सोन्याचे मोल चांदीच्या १५ पट ठरवले. युरोपात ते त्याहून अधिक असल्याने ही नाणी परदेशी जाऊन वितळली, आणि १८३४ साली नव्या नाण्यांतील सोने घटवल्यावर जुनी नाणी दर्शनी किमतीहून मौल्यवान ठरून उरलीसुरलीही मुशीत गेली. म्हणूनच संग्राहकाने टांकसाळीच्या आकड्याआधी, म्हणजे मुळात किती नाणी पाडली गेली त्याआधी, शिल्लक नाण्यांची संख्या पाहावी, असे मी आग्रहाने म्हणेन. १८२२चे पाच डॉलरांचे नाणे नोंदीनुसार १७,७९६ इतके पाडले गेले. आज ज्ञात आहेत केवळ ३. त्यांपैकी २ स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत, तर तिसरे २०२१ साली लिलावात ८४ लाख डॉलरांना विकले गेले.