गोदावरी : ‘वरी’ म्हणजे ‘श्रेष्ठ’ नव्हे

नातीचे नाव ‘गोदावरी’ ठेवू पाहणाऱ्या परभणीच्या एका स्नेह्यांनी त्याचा अर्थ विचारला आहे. ‘गोदा’ म्हणजे गाय देणारी आणि ‘वरी’ म्हणजे श्रेष्ठ, अशी फोड त्यांना कोणीतरी सांगितली आहे. नावांच्या पुस्तिकांना शोभणारी ही फोड व्याकरणाला मात्र मान्य होणारी नाही. हा शब्द ‘गो’ आणि ‘दावन्’, म्हणजे ‘देणारा’, यांचा आहे, ‘वन्’ने संपणाऱ्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप करताना ‘न्’चा ‘र्’ होऊन पुढे ‘ई’ येते, असे पाणिनीचे सूत्र (४.१.७) सांगते, आणि ‘पीवन्’चे ‘पीवरी’ होते तसेच ‘दावन्’चे ‘दावरी’ होते. ‘गो’चा अर्थ गाय तर आहेच, पण पाणी असाही आहे, नदीच्या नावात मला हा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. ‘गोदा’ हेही नदीचे स्वतंत्र नाव आहे, त्यामुळे घरात तशी हाक मारण्यास हरकत नाही.

प्राकृतात ही नदी ‘गोला’ होते. पैठणच्या सातवाहनांशी जोडलेल्या गाथासप्तशतीत तिचा काठ याच नावाने येतो.

आपल्याकडे मात्र बोलण्यात ती ‘गंगा’च. गंगाखेड, गंगथडी या शब्दांतली गंगा काशीची नव्हे. माझ्या आजीचे नाव कागदोपत्री गोदावरीबाई होते, पण सारा गाव तिला गंगाबाई म्हणे, आणि दोन नावे झाली असे कोणालाही वाटत नसे. सोमवती अमावास्येला ती ‘गंगेला जाऊन येते’ म्हणून निघे आणि पितळी गडू पदराने झाकून पाणी घेऊन येई. म्हणून मराठवाड्यातल्या जुन्या गंगाबाई, गंगूबाई, गंगासागर या नावांमागची गंगा कोणती, हे ठरवताना उत्तरेकडे पाहण्याची घाई करू नये.

नदीचे नाव असलेल्या मुलीशी लग्न करू नये असे मनुस्मृती (३.९) म्हणते खरे, पण ते पाळायचे ठरवले असते, तर गंगथडीत निम्मी लग्नेच झाली नसती. स्नेह्यांनी नाव खुशाल ठेवावे. फक्त जन्मदाखल्यावर शेवटची ‘री’ दीर्घच लिहिली आहे ना, तेवढे पाहावे.