गणपतीतला लॅन
नवे गेम आले म्हणून जुन्या ऑनलाइन गेमचे खेळाडू पळाले, असं म्हणतात, पण मला ते अर्धंच पटतं. बऱ्याच गेमचा गळा २०१४ साली गेमस्पाय ही खेळाडूंना सर्व्हर शोधून देणारी सेवा बंद झाल्यावर आवळला गेला. सर्व्हरची यादीच दिसेना, मग खेळणार कुणाशी? काउंटर-स्ट्राइक १.६ या गोळीबाराच्या गेमचं (मूळचा १९९९ चा, हाफ-लाइफ या गेममध्ये फेरफार करून केलेला मॉड हो!) तसं नाही, त्याला नुसता लॅन (घरातल्या घरात कॉम्प्युटर जोडणं) पुरतो.

आमच्या गुहागरच्या घरी गणपतीत चाकरमानी भावंडं आली की पडवीत चार जुने लॅपटॉप, ते जोडणारा एक स्विच आणि या गेममधला डस्ट२ हा नकाशा. एकदा आरतीला हाका मारूनही कुणी उठेना, तेव्हा काकांनी स्विचची पिनच उपटली. यंदा आम्ही दोघंच उरलो, बाकीचे मोबाइलवर. पॉडबॉट (कॉम्प्युटरच खेळवतो ते खेळाडू) टाकून माणसं भरली.