रात्रीत रोपं साफ! गोगलगायींचं काय करायचं?

परसबाग_बदलापूर
नमस्कार मंडळी, फार वैतागून लिहितेय. आम्ही बदलापूरला रो हाऊसमध्ये राहतो, मागे 200 स्क्वेअर फूटच्या आसपास जागा आहे, पावसाळ्यात काकडी, दोडका, भेंडी आणि थोडा लाल माठ असं दरवर्षी लावते. यंदा काकडीची 14 रोपं मस्त उगवली होती, शनिवारी सकाळी चहा घेऊन मागे गेले तर 11 नुसत्या काड्या उभ्या, पान नावाला नाही, आणि बाराव्या रोपावर बाईसाहेब अजून बसलेल्याच, शंख माझ्या मुठीएवढा!! भिंतीवर पण चार-पाच चिकटलेल्या, त्या तर चुना चाटत होत्या बहुतेक, रंगाचे पोपडे निघालेत तिथे.
आतापर्यंत केलेले उद्योग: अंड्याची टरफलं चुरून टाकली, राख टाकली, मिठाची रेघ मारली (अहोंची आयडिया). रात्री धो धो पाऊस, सकाळी सगळं वाहून गेलेलं, आणि भेंडीची दोन रोपं पिवळी पडली ती मिठानेच असं मला वाटतंय. सासूबाई म्हणतात जीव आहे, मारू नकोस, कुंपणापलीकडे टाक. टाकल्या. दुसऱ्या दिवशी परत हजर, त्याच असतील नाहीतर त्यांच्या बहिणी. शिवाय कुंड्यांखाली काळ्या, चपट्या, शंख नसलेल्या पण आहेत. बाजारात निळसर गोळ्या मिळतात म्हणे, त्या टाकाव्या का? मुलगा 4 वर्षांचा आहे आणि माठ आम्ही घरीच खातो म्हणून भीती वाटते.

गावठी_बियाणं
ताई आधी एक बघून घ्या, रोप जमिनीलगत कात्रीने कापल्यासारखं आडवं पडलं असेल तर ती कुरतडणारी अळी असते, ती दिवसा मातीत सापडते. पानं खरवडल्यासारखी आणि आसपास वाळलेल्या फेविकॉलसारखी चकचकीत रेघ दिसली तर गोगलगाय. तुमच्याकडे तर आरोपी जागेवरच सापडलाय म्हणा 😄
मुठीएवढी म्हणजे ती आफ्रिकन शंखी गोगलगाय. ही आपली नाहीच, 1847 मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली, तिथून पसरत पसरत आता आपल्या भिंतीवर. चुना चाटते हे बरोबर बघितलंत, शंख वाढवायला तिला कॅल्शियम लागतं. म्हणजे अंड्याची टरफलं टाकून तुम्ही एका परीने पाहुणचारच केलात. मीठ मात्र मातीत परत टाकू नका, गोगलगाय एक मरेल पण ती जागा खारवेल.

लातूरकर_शेतकरी
ताई गोगलगाय काय चीज आहे ते आमाला विचारा. 2022 च्या जुलैत लातूर, बीड, उस्मानाबाद भागात सोयाबीनचं पार वाटोळं केलं होतं हिनं, दोन पानावर आलेलं रान रात्रीत बोडकं, आमच्या गावात लोकांनी दुबार पेरलं तर काहींनी तिबार. सरकारला गोगलगायीच्या नुकसानीची मदत जाहीर करावी लागली, आधी कुणाला सांगितलं असतं तर हसला असता.
आमचा अनुभव सांगतो. जुनी बारदानं गुळाच्या पाण्यात भिजवायची आणि दिवस मावळताना बांधाकडंनी टाकून द्यायची. पहाटे उजाडायच्या आत उचलायची, खाली नुसता ढीग जमलेला असतो, तो मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचा. मीठ बादलीत, रानात नाही. मेलेल्या लांब खड्डा करून पुरायच्या आणि वरून चुना टाकायचा. सलग आठ-दहा दिवस केलं तर फरक कळतो, दोन दिवस करून सोडलं तर काही उपयोग नाही. आणि एकट्यानं करून भागत नाही, आमच्या शेजारचं रान पडीक होतं, माझ्या निम्म्या तिकडूनच यायच्या.
गोळ्यांचं म्हणाल तर त्या मेटाल्डिहाईडच्या. आमाला एकरी 2 किलो सांगितल्या होत्या. तुमची जागा 200 फूट म्हणजे हिशोबानं 10 ग्रॅम पण होत नाहीत. लोक काय करतात, मूठभर मूठभर टाकतात तांदूळ टाकल्यावानी. तसलं करू नका.

मोती_आणि_मी
गोळ्यांबद्दल हात जोडून सांगते, घरात कुत्रा-मांजर किंवा लहान मूल असेल तर नको. त्या गोळ्या कोंड्यात कालवलेल्या असतात त्यामुळे कुत्र्यांना खाऊच वाटतो. आमच्या सोसायटीत माळीकाकांनी टाकल्या होत्या, आमच्या मोत्याने चार-पाच चाटल्या असतील, तासाभरात थरथर कापायला लागला, मग झटके, डॉक्टरांकडे रात्र काढली. वाचला म्हणून लिहितेय. माठासारख्या पालेभाजीत तर टाकूच नका, गोळी पानात अडकून बसते.

रेडिंगचा_पाहुणा
मी इंग्लंडला असतो, इथे बागकाम म्हणजे अर्धा वेळ स्लगशी (बिनशंखाच्या गोगलगायींशी) युद्ध. तुमच्या त्या मेटाल्डिहाईडवर इथे 2022 पासून बाहेर वापरायला बंदी आहे, पक्षी आणि साळूसारखा एक छोटा प्राणी असतो इथे, त्यांना विषबाधा होते म्हणून. त्याऐवजी फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळतात, त्या खाल्ल्या की गोगलगाय खाणं सोडून लपायला जाते आणि तिकडेच मरते, त्यामुळे मेलेल्या दिसत नाहीत आणि माणसाला वाटतं फसवलं. मुलं-प्राण्यांच्या दृष्टीने बऱ्याच बऱ्या, पण म्हणून मुठी भरून टाकायच्या नाहीत हे तिकडे पण लागू.
टरफलांचं ऐकून हसू आलं कारण मी पण दोन वर्षं ऑम्लेट खाऊन खाऊन जमवली होती. इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2018 मध्ये लेट्यूसवर ट्रायल घेतली, टरफलं, तांब्याची पट्टी, लोकरीच्या गोळ्या, खडी, झाडाच्या सालीचा थर, सगळं लावून बघितलं, आणि काहीच न लावलेल्या रोपांइतकीच ती खाल्ली गेली. बिअरचा वाडगा मात्र चालतो. त्यांना दारू नको असते, आंबलेला वास हवा असतो, त्यामुळे यीस्ट, साखर आणि कोमट पाणी कालवून ठेवलं तरी येतात. वाडग्याचा काठ मातीच्या बोटभर वर ठेवा, नाहीतर बिचारे इतर किडे पण बुडतात. पण ते लहान स्लगसाठी, तुमची मुठीएवढी त्यात अंघोळ करून निघून जाईल.

आगरातली_अळूवडी
हे बिअर बिअर काय चाललंय, आमच्याकडे ताडी ठेवली तर गोगलगायींच्या आधी माणसं यायची 😂
मी गुहागरकडची. त्या काळ्या चपट्या म्हणजे शेंबड्या, नाव बरोबर ठेवलंय लोकांनी, हाताला लागली की तो चिकटा साबणाने पण जात नाही, आधी कोरड्या फडक्याने पुसायचा मग धुवायचा. त्या दिवसा कुठे असतात ते शोधा, रात्री शिकार करण्यापेक्षा हे सोपं. आमच्या आगरात ओल्या फळीखाली, नारळाच्या सोडणांच्या ढिगात, कुंडीच्या बुडाला. मी मुद्दाम एक पपईची पानं घातलेली फळी उपडी ठेवते आणि सकाळी उलटते. पाणी द्यायचं तर सकाळी द्या, संध्याकाळी दिलं की रात्रभर त्यांना ओला रस्ता. आता पावसात काय डोंबल, पण ऑक्टोबरनंतर उपयोगी पडेल.
आणि भारद्वाज येतो का तुमच्याकडे? तांबड्या पंखांचा काळा, कुक कुक करत कुंपणाखालून चालणारा. तो शंखवाल्या पण फोडून खातो. काजव्यांच्या अळ्या पण लहान गोगलगायी खातात, म्हणून मी जहाल काही टाकत नाही, आमच्याकडे पावसाच्या तोंडावर काजवे दिसतात ते मला काकडीपेक्षा प्यारे आहेत.

गावठी_बियाणं
एक राहिलंच, उघड्या हाताने अजिबात उचलू नका. उंदरांच्या फुप्फुसात एक जंत असतो, त्याच्या अळ्या गोगलगायीत असू शकतात आणि माणसाच्या पोटात गेल्या तर मेंदूपर्यंत त्रास जातो. ग्लोव्हज नाहीतर चिमटा. मुलाला शंखाशी खेळू देऊ नका, माठ एक एक पान उघडून धुवा आणि नीट शिजवून खा, कच्चं नको. रिकामे शंख पण पडू देऊ नका, त्यात पाणी साचून डासांची सोय होते.
आणि अंडी शोधा!! हिच्यात नर-मादी वेगळे नसतात, प्रत्येकीकडे दोन्ही, त्यामुळे कुणीही घालू शकते आणि एका वेळी शे-दोनशे. पिवळसर, साबुदाण्याहून जरा मोठी, मातीत बोटभर खोल घोसाने असतात.

परसबाग_बदलापूर
सगळ्यांचे खूप आभार, नऊ दिवसांनी रिपोर्ट देतेय. गोळ्या आणल्याच नाहीत. दुकानदाराकडून दोन बारदानं मागून आणली, गुळाचं पाणी केलं (सासूबाईंनी विचारलं प्रसाद कसला), पहिल्या सकाळी 38 निघाल्या, दुसऱ्या दिवशी 31, मग पाऊस थांबला तर 9, परत पाऊस आला तर 22. काल 6.
पण खरी गंमत अळूवडी ताईंच्या सल्ल्याने झाली. मागच्या वर्षी बाथरूमचं काम केलं त्याच्या उरलेल्या विटा आणि टाइल्स भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, अहो म्हणाले होते लागतील कधीतरी. रविवारी दोघांनी मिळून हलवल्या. प्रत्येक विटेच्या भोकात एक बाई आणि खाली मातीत ती साबुदाण्याची अंडी, तीन घोस!! अहो गप्प. साबणाच्या पाण्यात टाकली सगळी. विटा भंगारवाल्याने पण घेतल्या नाहीत, आता पुढच्या बोळात एकावर एक रचून उन्हाची वाट बघतायत.
सासूबाईंना ते जंताचं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या मग मार, पण माझ्यासमोर नको. म्हणून पहाटे साडेपाचला माझी ड्युटी.
काकडी परत पेरली आहे, यावेळी घरात खिडकीत कपात, चांगली चार-पाच पानं आली की मगच बाहेर काढणार. एक विचारायचं होतं, शेजारचा प्लॉट मोकळा आहे, गवत कमरेइतकं, मालक पुण्याला असतात, त्यांना फोनवर हे कसं सांगायचं? "तुमच्या गोगलगायी आमच्याकडे येतात" असं?

लातूरकर_शेतकरी
ताई तसंच सांगा. आणि दोन-चार फोटो पाठवा, बादलीचा पाठवा खास.