शब्दचर्चा: गुलाग, सामिझदात आणि ‘असंतुष्ट’ लेखक

सोव्हिएत छावण्यांवर लिहिणारे रशियन लेखक सोल्झेनित्सिन यांच्याविषयीच्या मराठी लेखांत तीन शब्द हमखास येतात आणि तिन्ही सैलपणे वापरले जातात. ‘गुलाग’ म्हणजे तुरुंग, छळछावणी की आणखी काही? ‘सामिझदात’ला ‘भूमिगत साहित्य’ म्हटले तर चालेल का? आणि ‘डिसिडंट’ला, म्हणजे राजवटीशी उघड मतभेद असलेल्याला, मराठीत काय म्हणावे? आडनावही प्रत्येक जण वेगळे लिहितो. जाणकारांनी सविस्तर लिहावे.

गुलाग हे खात्याचे नाव

‘ग्लाव्नोए उप्राव्लेनिए लागेरेई’, म्हणजे छावण्यांचे मुख्य प्रशासन, हे एका सोव्हिएत सरकारी खात्याचे नाव. त्याच्या आद्याक्षरांतून ‘गुलाग’ तयार झाला. खाते १९३० साली निघाले, १९६० साली बंद झाले. कैद्याच्या तोंडी छावणीसाठी शब्द होता ‘लागेर’. त्यामुळे ‘सायबेरियात अनेक गुलाग होते’ हे वाक्य ‘जिल्ह्यात अनेक शिक्षण संचालनालये भरतात’ म्हणण्यासारखे आहे. ‘गुलागच्या छावण्या’, ‘गुलाग व्यवस्था’ असे लिहावे.

‘छळछावणी’ मराठीत नाझी छावण्यांसाठी रुळलेला आहे, तो इकडे आणू नये. सोव्हिएत छावणीचा सगळा हिशेब कामाच्या कोट्यावर चाले आणि पावाचे वजनही त्यावरच ठरे. माणसे मेली ती मुख्यतः भूक, थंडी आणि अतिश्रमाने. ‘सक्तमजुरीची छावणी’ किंवा ‘श्रमछावणी’ नेमके बसते.

जाता जाता: ‘कुलाक’ वेगळा. तो सधन शेतकऱ्याला लावलेला शिक्का. रशियन उच्चारात ‘गुलाग’मधला शेवटचा ग कठोर होऊन ‘गुलाक’ ऐकू येतो, म्हणून घोटाळा होतो. लिहिताना मात्र शेवटी ‘ग’च.

अर्थ खुद्द लेखकानेच वाढवला

वरच्या उत्तरातली व्युत्पत्ती बरोबर आहे, पण अनेकवचनाला सरसकट चूक ठरवणे मला पटत नाही. १९७३च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये रशियन भाषेत सोल्झेनित्सिन यांच्या छावण्यांवरील ग्रंथाचा पहिला खंड निघाला, त्याचे नाव ‘अर्खिपेलाग गुलाग’. रशियनमध्ये दोन्ही शब्दांचे यमक जुळते. ‘गुलाग द्वीपसमूह’ या मराठी रूपात ते जाते, त्याला इलाज नाही. कल्पना अशी की छावण्या म्हणजे देशभर विखुरलेली बेटे, कैद्यांच्या आगगाड्या ही जहाजे आणि मधले तुरुंग ही बंदरे. एका खात्याच्या आद्याक्षरांना भूगोल मिळाला तो या पुस्तकामुळे. त्यानंतर इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये ‘गुलाग’ कोणत्याही राजवटीच्या श्रमछावणीसाठी येऊ लागला. आज उत्तर कोरियाच्या संदर्भात तो वापरतात, तो याच अर्थाने. तेव्हा सोव्हिएत इतिहासावर लिहिताना एकवचन पाळावे. इतरत्र व्यापक अर्थ मान्य करावा. कडक शिस्तीच्या वसतिगृहाला मथळ्यात ‘गुलाग’ म्हणणे मात्र अजिबात नको. त्याने शब्दातले मृत्यूच पुसले जातात.

सामिझदात: भूमिगत नव्हे, स्वहस्ते

‘साम’ म्हणजे स्वतः, ‘इझदात’ हा प्रकाशनसंस्थेसाठीच्या शब्दाचा तुकडा. सरकारी प्रकाशनगृहाच्या ‘गोसइझदात’ या नावाच्या धर्तीवर बनलेला शब्द. ‘भूमिगत साहित्य’ म्हटले की आपल्याकडे आणीबाणीतली सायक्लोस्टाइल पत्रके डोळ्यांपुढे येतात. इथे साधन होते टंकलेखनयंत्र. पातळ कागद, मध्ये कार्बन, अशी चळत यंत्रात घालायची आणि कळा जोराने दाबायच्या. चारेक प्रती नीट निघत. कागद अजून पातळ घेतला तर जास्त, पण खालच्या प्रतीत अक्षरे एकमेकांत मिसळत. नकलकाराकडून एखादी ओळ गळली, की त्या प्रतीवरून पुढे टंकलेल्या सगळ्या प्रतींतून ती गळे. पाठभेद झाले ते असे. मराठीत ‘स्वप्रकाशन’ लिहाल, तर वाचकाला लेखकाने पदरमोड करून छापलेले पुस्तक वाटेल. म्हणून ‘सामिझदात’च ठेवावा, पहिल्या उल्लेखाला ‘हस्ते-परहस्ते फिरणाऱ्या टंकलिखित प्रती’ असा खुलासा द्यावा.

आणि सोल्झेनित्सिन यांचे सगळेच लेखन सामिझदात नव्हे. छावणीतल्या एका दिवसावरची त्यांची कादंबरिका १९६२ साली ‘नोवी मीर’ या अधिकृत मासिकात छापून आली. संपादक त्वार्दोव्स्की, परवानगी थेट सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची. कर्करोग रुग्णालयावरची कादंबरी सामिझदातमधून फिरली. गुलागवरचे खंड बाहेरदेशी छापले गेले, त्याला ‘तामिझदात’. ‘ताम’ म्हणजे तिकडे. ध्वनिफितीवर उतरवलेले ते ‘माग्नितिझदात’.

डिसिडंट

‘असंतुष्ट’ आणि ‘बंडखोर’ हे शब्द मराठी वृत्तपत्रांनी तिकीट न मिळालेल्या उमेदवारांना देऊन टाकले आहेत. ‘विद्रोही’ला आपल्याकडे दलित साहित्याचा भक्कम संदर्भ आहे, तो पुसू नये. रशियनमध्ये ‘दिसिदेंत’च्या जोडीला ‘इनाकोमिस्ल्याश्ची’ आहे, म्हणजे वेगळा विचार करणारा. ‘भिन्नमतवादी’ त्याच्या सर्वांत जवळ जातो. मथळ्यात जड वाटला तर ‘राजवटीचा विरोधक’ लिहावे.

आडनावाबद्दल

आघात ‘नी’वर आहे. आघात नसलेला ओ अ-कडे झुकतो, म्हणून कानाला ‘सल्झिनीत्सिन’ असे काहीसे येते. लिप्यंतर मात्र अक्षरावरून करावे: सोल्झेनित्सिन. मराठीत ‘चमचा’तला च म्हणजे जवळजवळ त्सच, मग साधा च का नको? कारण इकार लागला की आपला च तालव्य होतो आणि ‘चिमणी’तला उच्चार होतो. त्सि लिहावेच लागते.

कैद्यासाठीचा शब्द

कागदोपत्री कैद्याला ‘झे-का’ असे संक्षेपाने लिहीत, त्यावरून बोलीत ‘झेक’ आला. मराठीत तो लिहिताना जपावे. ‘झेक कैदी’ म्हटले की वाचक प्रागला पोचतो. अनुवादात ‘छावणीकैदी’ लिहावे आणि संवादात मूळ शब्द हवाच असेल तर एकेरी अवतरणात टाकावा.