लाइट गेली, बुडबुड बंद : फिशटँकवाल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

ओसरी_पडवी :
परवा रात्री तीनच्या सुमारास घर एकदम गप्प झालं आणि मी ताडकन उठून बसले. पंखा, फ्रिज, सगळंच थांबलं होतं, पण माझे कान शोधत होते टाकीतली बुडबुड. आता पुण्यात सोसायटीला जनरेटर आहे, पाच मिनिटांत लाइट आलीसुद्धा. तोवर मी अंधारात चाचपडत ओट्यापाशी जाऊन तांब्या हातात घेतला होता. नवरा झोपेतच म्हणाला, "अगं, हे श्रीवर्धन नाही."

श्रीवर्धन, ३ जून २०२०, निसर्ग वादळ. लॉकडाऊनच्या आधी आठ दिवसांसाठी म्हणून सासरी गेलो आणि तिथेच अडकलो. लेकीच्या हट्टाने दोन फुटी टाकीही बरोबर. मासे झाकणाच्या बादलीत, बादली माझ्या मांडीत, अख्खा ताम्हिणी घाट. चार गोल्डफिश, दोन मॉली, एक सकर. सासरे पहिल्या दिवसापासून, "मासे ताटात बघायचे, काचेत काय बघायचे?"

दुपारी वादळ आलं. दोन-तीन तासांत वाडीतल्या पोफळी काड्यांसारख्या आडव्या, कौलं उडालेली, विजेचे खांब रस्त्यात. लाइट गेली ती आमच्या आळीत एकविसाव्या दिवशी आली. पहिल्या रात्री माशांची कोणाला आठवणही नव्हती, गळतीखाली पातेली ठेवण्यात रात्र गेली. पहाटे लेकीने टाकीवर टॉर्च मारला, तर चारही गोल्डफिश पाण्याच्या वरच्या थराला तोंड लावून पच् पच् करत होते. एक मॉली गेली होती.

मग तांब्या. टाकीतलंच पाणी घ्यायचं आणि हातभर वरून परत टाकीत सोडायचं. पंधरा मिनिटं सोडायचं, अर्धा तास बसायचं. आम्ही तिघं आळीपाळीने. तिसऱ्या रात्री सासऱ्यांनी येऊन माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. "तुझी धार जाड पडते. पाणी फुटलं पाहिजे." चहाची गाळणी आणली, टाकीवर धरली, त्यातून पाणी सोडायला लागले. ओठांत काहीतरी पुटपुटत होते. नीट ऐकलं तर रुद्र चालला होता! मला हसूही येईना आणि रडूही. म्हणाले, "धार धरली की तोंडात येतोच, सवय आहे."

पाचव्या दिवशी त्यांनीच विहिरीजवळची दगडी डोण घासून, विहिरीचं पाणी भरून मासे तिच्यात सोडले. पसरट आणि उथळ, वर पागोळ्यांचं पाणी पडतंय. त्यानंतर तांब्याची गरजच पडली नाही. दोन गोल्डफिश आणि सकर पुण्याला परत आले. गाळणी पण मी मागून आणली. चहाला वापरत नाही.

तुमचंही लिहा.

पावशेर_फुटाणे :
शीर्षक वाचून मला वाटलं फ्रीजमधल्या सुरमईचं काय करायचं असा प्रश्न आहे. क्षमस्व. आमचे मासे लाइट असतानाच गेले, त्यामुळे अनुभव शून्य.

चिंचेचा_कोळ :
@ओसरी, रुद्र वाचून काटा आला अंगावर. सासरे आहेत का आता? नसतील तर सांगू नको.

ओसरी_पडवी :
आहेत आहेत, ठणठणीत. ८१. आता व्हिडिओ कॉलवर आधी "मासे दाखव" म्हणतात, मग नात.

बांधावरची_बाभूळ :
आमच्याकडं वादळ लागत नव्हतं, लोडशेडिंग होतं. परभणी जिल्हा, २००७-०८. दिवसाला दहा-बारा तास लाइट नाही, वेळापत्रक पेपरात यायचं आणि ते सोडून बाकी सगळ्या वेळेला जायची. मी नववीत. शेजारच्या दादानं कॉलेजला जाताना टाकी माझ्या गळ्यात मारलेली.

जुगाड असा : ट्रॅक्टरची टाकाऊ ट्यूब पंक्चरवाल्याकडून आणली. ती सायकलच्या पंपानं फुगवायची (हात तुटायचे). वॉल्व्हला बारीक नळी, तिच्यावर दवाखान्यातल्या सलाइनच्या सेटचं ते चाक असतंय ना, थेंब कमीजास्त करायचं, ते बसवलं. नळीच्या टोकाला एअर स्टोन, तो बुडबुडे सोडणारा भोकाभोकांचा दगड. चाक जरासं सैल केलं की एक एक बुडबुडा. हवा कमी झाली की जोर पडत नव्हता, म्हणून ट्यूबवर पाट आणि पाटावर आजीचं जातं. साडेतीन तास चालायचं एका भरण्यात. आजी दळायला बसली की मासे गॅसवर. मी ओरडायचो, ती म्हणायची "तुझ्या माशांनी भाकरी खायची का आम्ही?"

पावशेर_फुटाणे :
जातं!!! बाभूळराव, पेटंट घ्या.

सातारी_तर्री :
सलाइनचा सेट मेडिकलमधे सुट्टा मिळतो का अजून?

बांधावरची_बाभूळ :
मिळतो. फक्त दुकानदार "कोण आजारी आहे" विचारतो. मासे म्हणालो तर दोन वेळा बघितलं माझ्याकडं.

गच्ची_क्रमांक_४ :
नवशिक्यांसाठी चार गोष्टी लिहितो, वीस वर्षं टाक्या ठेवतोय. मोबाइलवरून आहे, चुका पोटात घाला.

मासा मरतो तो हवा कमी पडून. फिल्टर बंद पडला म्हणून लगेच नाही मरत. बुडबुडे स्वतः फार थोडा ऑक्सिजन देतात, खरं काम ते वरचा थर हलवून करतात. म्हणून ओसरींच्या सासऱ्यांची गाळणी शंभर टक्के बरोबर. आणि डोण त्याहून बरोबर, पृष्ठभाग जास्त. उंच अरुंद टाकी दिसायला छान, लाइट गेली की सगळ्यात वाईट.

पाणी गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. त्यात गरमीत माशाला श्वास जास्त लागतो. म्हणजे मे महिन्यात दुपारी लाइट गेली तर वेळ फार कमी असतो. झाकण काढा, खायला अजिबात घालू नका. मोठा मासा आठवडा उपाशी राहतो, काही होत नाही. घातलेलं कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजन तेच खातं. झाडंवाली टाकी असेल तर अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात, हे लोक विसरतात.

आणि घाबरून नळाचं ताजं पाणी ओतू नका. क्लोरीन. लाइटमुळे नाही मेले तर त्याने मरतील.

अबोली_शेवंती :
शेवटचा मुद्दा माझ्याच घरातला. १२ ऑक्टोबर २०२०, अख्ख्या मुंबईची लाइट गेली तो सोमवार. लोकल बंद, मुलाचा ऑनलाइन वर्ग बंद, तो खूश. मी शहाणपणा करून अर्धी टाकी रिकामी केली आणि थेट नळाखाली बादली लावून भरली. तासाभरात लाइट आली. संध्याकाळपर्यंत अकरापैकी नऊ टेट्रा गेले. लाइटीनं काहीच केलं नव्हतं, सगळं मी केलं. मुलाला अजून सांगितलेलं नाही. तो इथं वाचत नाही म्हणून लिहितेय.

चिंचेचा_कोळ :
अगं असू दे. सगळ्यांनी कधी ना कधी केलंय.

उंबरठा :
फायटर पाळा, सुखी राहा. तो वर येऊन थेट हवेतला श्वास घेतो. गुरामीचंही तसंच. माझा फायटर लोणच्याच्या बरणीत आहे, लाइट गेल्याचं त्याच्या गावीही नसतं.

गच्ची_क्रमांक_४ :
बरणी नको हो, निदान पंधरा-वीस लिटर द्या त्याला. जिवंत आहे म्हणजे सुखात आहे असं नाही.

उंबरठा :
आमच्या मुंबईच्या घराबद्दल पण हेच म्हणता येईल.

ऑस्टिनची_आत्या :
आमची गोष्ट उलटी, थंडीची. १५ फेब्रुवारी २०२१, पहाटे लाइट गेली, टेक्सासमधलं ते बर्फाचं वादळ. आमच्याकडे साडेतीन दिवस. घरात श्वासाची वाफ दिसत होती. हीटर बंद, टाकी २६ वरून उतरत उतरत १७ वर. एंजल तळाला एका कुशीवर.

गॅस होता, लायटर मात्र सापडेना, देवघरातली काडेपेटी कामी आली. पाणी तापवून बाटल्यांत भरायचं, बूच घट्ट, बाटली टाकीत तरंगत सोडायची. थेट गरम पाणी ओतायचं नाही, एकदम चटका बसतो त्यांना. टाकीला चारी बाजूंनी गोधडी. आईने माझ्या बाळंतपणात आजीच्या नऊवारीची शिवून आणलेली, तीच जाड होती. सहलीला नेतो तो थर्मोकोलचा डबा, त्यात छोटे मासे. हवेसाठी मगाने पाणी ओतणं होतंच. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुला दिली होती गोधडी, माशांना नव्हे. आणि तू काय पांघरलंस?"

सहा एंजलपैकी चार वाचले. गोधडीला अजून शेवाळाचा वास येतो.

सातारी_तर्री :
नऊवारीची गोधडी हा वेगळा धागा व्हायला पाहिजे. आमच्यात आज्जी प्रत्येक कोपऱ्यात तुकडा लावायची वेगळ्या रंगाचा.

चिंचेचा_कोळ :
हो ना! आणि ते शेवटचे चार टाके कोणी घालायचे यावरून भांडणं.

मुक्काम_पोस्ट_चाळ :
विषयावर या. २६ जुलै २००५, कुर्ला, तळमजला. सांताक्रूझला दिवसात ९४४ मिमी पडला तो दिवस. आमची लाइट जायच्या आधीच पाणी आत आलं. कपाटावर आधी टीव्ही, मग तांदळाचा डबा, मग आजोबांचा फोटो. टाकी कोणाच्या डोक्यातच नाही. पाणी कमरेएवढं झालं तेव्हा टाकी बुडाली आणि आमच्या गप्पी डोळ्यांदेखत खोलीभर पोहायला लागल्या. मग खिडकीतून बाहेर. बहिणीने हात हलवून टाटा केलं. तिसऱ्या दिवशी गाळ उपसताना टाकी अखंड सापडली, आत एक मासा. आमचा नव्हता.

पावशेर_फुटाणे :
"आमचा नव्हता" =))

बांधावरची_बाभूळ :
गप्पी गटारात गेल्या म्हणजे चांगलंच झालं. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" शाळेच्या भिंतीवर होतं आमच्या. आरोग्यसेवक येऊन हौदात सोडायचे, डासांची अळी खातात म्हणून. त्या हौदाला कुठला पंप? तिथं वर्षानुवर्षं जगल्या. टाकीतल्याच मरायच्या.

गच्ची_क्रमांक_४ :
हौदाला पृष्ठभाग मोठा, मासे कमी. आपण दोन फुटात वीस कोंबतो.

तिसरी_घंटा :
मी काही लिहिणार नव्हते. आमचा ऑस्कर मासा सहा वर्षांचा होता. हातातून खायचा, बाबा ऑफिसातून आले की काचेपाशी यायचा. मे महिना, दुपारी विजेची डीपी उडाली, घरी कोणी नव्हतं, सहा तास. संध्याकाळी बाबांनी दार उघडलं. ते एकदाही रडलेले आम्ही पाहिले नव्हते. मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. शेजारच्या काकू समजूत घालायला आल्या, "घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं हो." बाबा म्हणाले, "संकट कसलं, डीपी." पण त्या वर्षी मोगरा बाबांनी कोणालाही तोडू दिला नाही.

ओसरी_पडवी :
तिसरी घंटा, बरं केलंस लिहिलंस.

उंबरठा :
ऑस्कर माणूस ओळखतो, खरंच.

काटकोन :
एक कोणी लिहिलं नाही. एअर पंप टाकीच्या खाली कपाटात ठेवला असेल तर लाइट गेल्यावर पाणी नळीतून उलटं पंपात येतं आणि तिथून जमिनीवर. आम्ही लग्नाला कोल्हापूरला, इकडे रात्रभर टपटप. आलो तर टाकी अर्धी, एक्स्टेंशन बोर्ड पाण्यात. लाइट परत आल्यावर काय झालं असतं विचारू नका. पंप वर ठेवा, किंवा नळीत तो छोटा उलट-अडका, चेक वॉल्व्ह, बसवा. दहावीस रुपयाची वस्तू.

आणि इन्व्हर्टरवर आमचा पंप भुंग्यासारखा घूं घूं करतो, कोणाचा करतो का?

गच्ची_क्रमांक_४ :
जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल. करतो तसा. चालतं, पण पंप तापतोय का बघत जा. मोठा कपाटातला फिल्टर सात-आठ तास बंद राहिला असेल तर मात्र लाइट आल्या आल्या चालू करू नका. आतलं पाणी सडलेलं असतं, ते सगळं टाकीत येतं. आधी उघडून टाकीच्याच पाण्यात स्पंज खंगाळा.

सातारी_तर्री :
पॉवरबँकवर यूएसबी पंप चालतोय का? आमच्यात आज दुपारपास्नं लाइट नाही. वायरमन म्हणतोय "आलोच", चार वाजल्यापास्नं.

काटकोन :
चालतो, पण पंप इतका कमी करंट घेतो की काही पॉवरबँकना वाटतं फोन भरला, आणि त्या आपोआप बंद होतात. जोडीला फोन लावून ठेवा.

अबोली_शेवंती :
मध्येच विचारते, ओसरी, श्रीवर्धनची सुपारी मिळते का पुण्यात? वादळानंतर पोफळी परत लावल्या का?

ओसरी_पडवी :
लावल्या गं. पोफळ धरायला सात-आठ वर्षं जातात, सासरे रोज मोजतात. सुपारी मेसेज कर, आणून देते.

सातारी_तर्री :
पॉवरबँक वीस मिनिटात झोपली, काटकोन म्हणाले तसंच. फोन जोडला तर फोनच चार्ज झाला, पॉवरबँक संपली. आता बायको गाळणी शोधतेय. आमच्या गाळणीला भोक आहे, चालतंय का?

ओसरी_पडवी :
उत्तम. बारीक धार धरा. रुद्र येत नसेल तर पाढे म्हणा.

सातारी_तर्री :
एकोणतीसच्यावर अडकलोय. वायरमन आला वाटतं, थांबा.